पक्ष्याचा आवाज गळ्याचा की पिसांचा? असं ओळखा

रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फॉरमॅटवर ठेवा. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंदच हवा, नाहीतर हळू आणि जोरदार फडफडीतला फरक पुसला जातो. माइकला फरचं कव्हर लावा. वाऱ्याची घरघर पंखांच्या आवाजासारखीच भासते.

सोबत सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ घ्या. इथे बहुतेकांची गफलत होते: पक्षी 34 मीटरवर असेल तर आवाज सुमारे 0.1 सेकंद, म्हणजे 24 फ्रेम उशिरा पोहोचतो. तेवढा ऑडिओ अलीकडे, म्हणजे आधीच्या फ्रेमकडे सरकवून मगच जुळवा. चोच मिटलेली दिसली म्हणून निष्कर्ष काढू नका, मिटल्या चोचीनेही पक्षी घुमतात. प्रत्येक ठोका पंखाच्या फटक्याशी जुळतो का, ते पाहा. पाणलावा (स्नाइप) हवेत खाली झेपावतो, तेव्हा मात्र शेपटीची कडेची पिसं बघा. असा सूर मारताना तीच थरथरतात.

आवाज जुळला तरी तो संदेश ठरत नाही. उडताना आवाज होणारच. ऐकणारे त्यावर वागू लागले की नैसर्गिक निवड त्या पिसाला घडवते. ऑस्ट्रेलियातल्या क्रेस्टेड पिजन या कबुतराचं आठवं प्राथमिक पीस (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांपैकी एक) असंच अरुंद झालंय, त्याच्या आवाजाने थवा उडतो. म्हणून शेजारच्या पक्ष्यांची प्रतिक्रियाही चित्रित करा.