पीएच जुळला, बफर चुकला

एम.एस्सी.ला असताना बफर, म्हणजे थोडं आम्ल-आम्लारी पडलं तरी पीएच टिकवून धरणारं द्रावण, हा पेपरातला हमखास येणारा प्रश्न. बफरचा पीएच काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण लिहायचं, लॉग घ्यायचा, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. वाळूज एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, लागले आणि त्या दोन रेघांची ऐट महिनाभरात उतरली.

एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्यातून वाहणाऱ्या द्रावणासाठी, म्हणजे मोबाइल फेजसाठी, फॉस्फेट बफर करायचा होता. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट लिटरला २.८४ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोलर, आणि फॉस्फोरिक आम्लाने पीएच ७.०. मी कपाटातली बाटली काढली, वजन केलं, पीएच लावला. आम्ल नेहमीपेक्षा कमी लागलं, तर मी मनातून खूशच. दुपारी क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राचे आलेख, आले ते शेपट्या ओढत आणि वेळ चुकवून. सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्रणा मोजणीला योग्य आहे का याची चाचणी, नापास.

सरांनी पीएचबद्दल काही विचारलंच नाही. "बाटली आण," एवढंच म्हणाले. लेबलावर बारीक अक्षरांत 'डोडेकाहायड्रेट' लिहिलेलं. तपासणीच्या लेखी पद्धतीत होतं निर्जल मीठ, रेणुभार १४२. माझ्या हातात होतं बारा पाण्यांचं, रेणुभार ३५८. तेवढ्याच वजनात फॉस्फेट आलं जेमतेम चाळीस टक्के. पीएच मीटर बिचारा खरंच बोलत होता. आम्ल-आम्लारीचं गुणोत्तर बरोबर असलं की तो ७.० दाखवणारच, द्रावणात एकूण बफर किती आहे, हे त्याला कळत नाही. कॉलेजच्या प्रयोगात असाल तर ७.१६ ग्रॅम घेऊन भागेल. कंपनीत मात्र पद्धतीत लिहिलेलीच बाटली शोधायची, मनाने गणित करायचं नाही.

दुसरा धक्का समीकरणानेच दिला. ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरसाठी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, पाककृती आहे: ०.२ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५० मिली, ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २२.४ मिली, आणि पाण्याने २०० मिली. मी पीकेए (ज्या पीएचला आम्ल आणि त्याचं आम्लारी रूप निम्मं-निम्मं असतं तो आकडा) ७.२ धरून हिशोब केला तर हायड्रॉक्साइड यायला लागलं १४.२ मिली. दोनदा तपासलं, उत्तर तेच. तेवढंच घातलं असतं तर पीएच ६.५च्या आसपास अडकला असता. गोम अशी, की ७.२ हा आकडा अतिविरळ द्रावणाचा. ०.०५ मोलरच्या गर्दीत आयनांची एकमेकांशी ओढाताण चालते आणि प्रत्यक्षात पीकेए ६.९च्या जवळ येतो. समीकरण कुठून सुरुवात करायची ते सांगतं, शेवट मीटरवर.

तो मीटरही रोज सकाळी कॅलिब्रेट करा, आणि तुमचा पीएच ज्या दोन प्रमाण बफरांच्या मध्ये येतो तेच घ्या. इलेक्ट्रोड धुतल्यावर टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. एक लिटर करायचं असेल तर मीठ ८०० मिलीत विरघळवा, पीएच लावा, मग मार्कपर्यंत पाणी. हायड्रॉक्साइड घातल्यावर द्रावण गरम होतं, ते निवू द्या. ट्रिस नावाचा बफर असेल तर हे अजूनच जपायचं: २५ अंशांना ८.० लावलेला ट्रिस चार अंशांच्या फ्रिजमध्ये ८.६च्या घरात जातो. पीएच पुढे गेला म्हणून आम्ल, मागे आला म्हणून आम्लारी, असा झोका खेळू नका. प्रत्येक फेरीत मीठ वाढतं. ओतून द्या, नवीन करा. अॅसिटोनायट्राइल पीएच लावून झाल्यावरच, आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय पंपाला काही लावायचं नाही.

मुलाखतीत मला विचारलं होतं, ५.५ पीएचला फॉस्फेट का नको? बफर आपल्या पीकेएच्या आसपासच नीट काम करतो. फॉस्फेटचे पीकेए २.१ आणि ७.२, ५.५ दोन्हींपासून लांब पडतो. तिथे ४.७६ पीकेएवाला अॅसेटेट बरा. याच अॅसेटेटसाठी लागणारं ग्लेशियल (जवळजवळ शुद्ध, बिनपाण्याचं) अॅसेटिक आम्ल १६.६ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा गोळा दिसला तर माल खराब झाला म्हणून स्टोअरला फोन करू नका. मी केला होता.

परवा नवीन मुलगा धावत आला, "मॅडम, पीएच एका झटक्यात आला!"

"आम्ल किती लागलं?" मी विचारलं. तो बाटली आणायला गेला.