व्हिज्युअलव्हीएम जोडण्याआधी: कुठला जावा कुठे चालतोय?

व्हिज्युअलव्हीएम, म्हणजे चालू जावा प्रोग्रॅमचा वेळ आणि मेमरी मोजणारा प्रोफायलर, उघडला, पण डावीकडच्या यादीत आपलं ॲप्लिकेशनच नाही. किंवा आहे, पण जोडताना एरर येते. अशा वेळी आधी एक लक्षात घ्या, की इथे दोन जावा असतात. एकावर खुद्द व्हिज्युअलव्हीएम चालतं आणि दुसऱ्यावर तुमचं ॲप्लिकेशन. खालची तयारी या दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून आहे.

आधी टूलचा जावा ठरवून टाका. ओरॅकलच्या जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) ६ अपडेट ७ पासून ८ पर्यंत हे टूल जेडीकेसोबतच यायचं, ९ पासून ते वेगळं डाउनलोड करावं लागतं. त्यामुळे मशीनवर तीन-चार जेडीके असतील तर टूल कुठला उचलेल याचा भरवसा नाही. टूलच्या ईटीसी फोल्डरमध्ये व्हिज्युअलव्हीएम डॉट कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्यातल्या जेडीकेहोमच्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढा आणि पूर्ण पाथ द्या. पाथ जेडीकेच्या मूळ फोल्डरचा हवा, आतल्या बिनचा नको. विंडोजवर 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावात स्पेस असते, म्हणून पाथ अवतरणचिन्हांत लिहा. नुसता जेआरई (फक्त प्रोग्रॅम चालवण्यापुरता जावा) चालणार नाही. टूल सुरू झालं की अबाउटमधले तपशील उघडून नक्की कुठला जावा घेतला ते बघा. मोठे हीप डंप (ॲप्लिकेशनच्या मेमरीची फाइलमध्ये घेतलेली प्रत) उघडायचे असतील तर याच फाइलमध्ये टूलची कमाल मेमरीही वाढवून घ्या.

आता ॲप्लिकेशनचा जावा. टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारून मोकळे होऊ नका. ते उत्तर तुमच्या शेलच्या पाथवरून येतं, सर्व्हिस कदाचित भलत्याच जावावर चालत असते. विंडोजवर ओरॅकलचा इन्स्टॉलर स्वतःचा जावापाथ फोल्डर पाथमध्ये पुढे घुसवतो, मग जावाहोम एक सांगतं आणि आवृत्ती दुसरीच दिसते. चालू प्रोसेसलाच विचारणं सगळ्यात खात्रीचं. जेसीएमडी या जेडीकेतल्या कमांडला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन 'व्हीएम डॉट व्हर्जन' आणि 'व्हीएम डॉट कमांड_लाइन' मागा. विंडोजवर ३२ बिट आणि ६४ बिट यांचं एकमेकांशी जुळत नाही, तेही इथेच बघून घ्या.

ॲप्लिकेशन यादीत न दिसण्याची खरी कारणं बहुधा टेम्प फोल्डरमध्ये सापडतात. लिनक्सवर हॉटस्पॉट (जावा चालवणारं इंजिन) /टीएमपी मध्ये युजरच्या नावाचा एचएसपर्फडेटा फोल्डर करतो आणि त्यात प्रत्येक प्रोसेससाठी पीआयडीच्या नावाची एक फाइल ठेवतो. जेपीएस (चालू जावा प्रोसेसची यादी देणारी कमांड) आणि व्हिज्युअलव्हीएम या फाइली वाचूनच यादी बनवतात. फाइल नाही, तर तुमचा सर्व्हर व्यवस्थित चालत असूनही यादीत नाही. साफसफाईची स्क्रिप्ट या फाइली उडवते. 'पर्फ डिसेबल शेअर्ड मेम' हा पर्याय चालू असेल तर त्या बाहेर दिसतच नाहीत. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये प्रायव्हेट टेम्प लावलेलं असेल तर सर्व्हिसचं /टीएमपी वेगळं असतं, तुमचं वेगळं. सर्व्हिस टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या युजरवर आणि तुम्ही स्वतःच्या लॉगिनवर असलात तरी जोडणी होत नाही, म्हणून जेपीएस आधी त्याच युजरने चालवून बघा. मात्र ग्राफिकल टूल त्या युजरने चालवायची खटपट करू नका, त्यापेक्षा जेएमएक्स (चालू जावाला नेटवर्कवरून जोडायची सोय) सोपं.

जेएमएक्ससाठी पोर्ट ठरवा, समजा ९०१०, आणि आरएमआयचा (ज्यावरून जेएमएक्सचा डेटा जातो त्याचा) पोर्टही तोच द्या. आरएमआयचा दिला नाही तर जावा स्वतःच कुठला तरी रँडम पोर्ट उघडतो आणि एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित मार्ग) लावूनही कनेक्शन लटकतं. आरएमआयचं होस्टनेम १२७.०.०.१ ठेवा, आणि टनेलमध्ये दोन्ही टोकांना ९०१० हाच आकडा वापरा. पासवर्ड बंद ठेवणार असाल तर फायरवॉलमधून हा पोर्ट बाहेर उघडा नको. टॉमकॅटवर हे पर्याय सेटएन्व्ह फाइलमध्ये कॅटलिना_ऑप्ट्समध्ये लिहा, जावा_ऑप्ट्समध्ये नाही. शटडाउनची कमांडही जावा_ऑप्ट्स वाचते, तोच पोर्ट पुन्हा उघडायला जाते, 'पोर्ट वापरात आहे' म्हणून पडते आणि सर्व्हर बंदच होत नाही. जेएमएक्सवरून सॅम्पलर (ठरावीक वेळाने डोकावून बघणारा) मिळतो, इन्स्ट्रुमेंटेशनवाला (कोडमध्ये मोजमाप घुसवणारा) प्रोफायलर मिळत नाही. हीप डंपची फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर पडते, तिथे जागा आहे ना ते आधी बघा.

जेडीके २१ पासून चालू प्रोसेसमध्ये एजंट (प्रोफायलरचा मोजमापाचा कोड) घुसवला की लॉगमध्ये इशारा येतो. तो नको असेल तर ॲप्लिकेशन सुरू करतानाच 'एनेबल डायनॅमिक एजंट लोडिंग' चालू करा. टूल जुनं आणि जेडीके नवा असेल तर मात्र वेगळी अडचण. जावा १७ च्या कंपाइल झालेल्या क्लास फाइलचा आवृत्ती क्रमांक ६१, २१ चा ६५, आणि जुन्या टूलला तो ओळखता येत नाही. अशा वेळी सेटिंग चाळत बसू नका, टूलच अपडेट करा.

कॅलिब्रेशन शेवटी करा. एखाद्या जावा आवृत्तीवर पहिल्यांदाच प्रोफायलिंग करताना टूल ते मागतं, म्हणजे मोजमापाच्या कोडला स्वतःला किती वेळ लागतो ते मोजून पुढे आकड्यांतून वजा करतं. त्या वेळी बिल्ड किंवा टेस्ट चालू ठेवू नका, आणि लॅपटॉप चार्जरवर असू द्या. बॅटरीवर प्रोसेसरचा वेग वरखाली होतो, आणि त्यावरून निघालेले आकडे छोट्या मेथड्सच्या वेळा चुकीच्या दाखवतात.