बैठकीला येताना गिटार अशी आणा

रविवारी माझ्या गिटारच्या कारखान्यात वाजवण्या-ऐकण्याच्या बैठकीला येताय ना? नव्या तारा आदल्या दिवशीच चढवा, नाहीतर सारख्या सुरातून उतरत राहतात. गिटार हार्ड केसमध्ये आणा, पण उन्हातल्या बंद गाडीत अजिबात ठेवू नका. उष्णतेने ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीचा, सरस सुटतो. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, टॉप (गिटारची वरची फळी) फुगतो, तारा मानेपासून उंच होतात, म्हणून खोलीत आर्द्रता 45 ते 50 टक्के ठेवतो.

दुसऱ्याची गिटार विचारूनच उचला, तीही अंगठी काढून. फ्रेंच पॉलिशवर, म्हणजे लाखेच्या पातळ थरावर, ओरखडा लगेच उठतो!

एका वेळी एकानेच वाजवायचं. स्प्रूस आणि सीडर या दोन लाकडांच्या टॉपच्या गिटारी ऐकताना कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तोच, हातही तोच ठेवा. सीडर हलक्या बोटांनाही चटकन बोलतो; मला तो फार आवडतो. जोरात झोडायचं असेल तर मात्र स्प्रूसच घ्या.