फळं-चीजचं उन्हाळी सॅलड: या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. गोव्यात फोंड्याला आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं जेवायला होती, पुण्याची नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आलेली. मी हौसेनं सकाळी नऊलाच कलिंगड, आंबा, काकडी, पुदिना आणि फेटा चीज परातीत कालवलं, लिंबू पिळलं, मीठ भुरभुरलं, फ्रिजमध्ये ढकललं आणि निर्धास्त मनानं मासळीच्या मागे लागले. दीड वाजता झाकण काढलं तर परातीत गुलाबी पाण्याचं तळं. त्यात चीजचे भिजके तुकडे तरंगतायत, पुदिना काळा पडलेला, आंबा कुठे गेला ते आंब्यालाच ठाऊक. मामंजींनी वाटी हातात घेतली, जरा तिरकी करून पाहिली आणि विचारलं, "अगो, हें खावपाचें काय पिवपाचें?"

त्यानंतर हे सॅलड मी बऱ्याचदा केलं आणि बऱ्याचदा बिघडवलंही. बिघडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या दिसतात, पण निम्म्याहून जास्त वेळा दोष पाण्याचा निघतो.

मीठ आधी, रडणं नंतर

गंमत म्हणजे हे आपल्याला येत असतं. खमंग काकडी करताना आपण काकडी चोचवतो, पिळून घेतो, मीठ पानं घ्यायच्या वेळीच घालतो, कारण आधी घातलं तर पाणी सुटतं हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण त्याच पदार्थाला सॅलड म्हटलं की हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कापलेल्या फोडीवर मीठ किंवा साखर पडली की ती आतलं पाणी बाहेर ओढते. फोड जितकी बारीक, तितकी कापलेली बाजू जास्त आणि तितकं पाणी जास्त. म्हणून कलिंगडाचे तुकडे चांगले इंचभराचे करा. बियांभोवतीचा भुसभुशीत भाग वेगळा काढून खाऊन टाका, सॅलडमध्ये तो विरघळतोच. तुकडे चाळणीत घालून, खाली पातेलं ठेवून वीस मिनिटं फ्रिजमध्ये निथळू द्या. खाली साठलेलं पाणी फेकू नका. त्यात लिंबू, काळं मीठ आणि चिमूटभर मिरपूड घातली की कापणाऱ्याचा हक्काचा पेला तयार होतो. (आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये त्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, ओतणारेही आहेत. त्यांना काय सांगायचं!)

काकडीचा बियांचा गर चमच्यानं खरवडून काढा. पुदिना, तुळशीच्या जातीचा बेसिल, लेट्यूस जे काही घालणार असाल ते आदल्या तासाला धुऊन पंचात गुंडाळून ठेवा. गोव्याच्या दमट हवेत पानं चाळणीत ठेवून आपोआप सुकतील ही आशा सोडा, पंचानं टिपावीच लागतात. ओल्या पानाला तेल धरत नाही, ड्रेसिंग घसरून तळाशी जातं आणि मग वर बेचव, खाली आंबट असा प्रकार होतो. बेसिल सुरीनं चिरू नका, कडा काळ्या पडतात. वाढताना हातानं तोडा.

आणि मीठ? फेटासारखं चीज वापरत असाल तर फळांना वेगळं मीठ लागतच नाही. चीजचंच पुरतं.

आंब्याचा मोह

हापूस असो की मानकुराद, अगदी पिकलेला, बोट रुतेल असा आंबा सॅलडमध्ये घालायचा नाही. तो नुसता खायचा. सॅलडला एक-दोन दिवस आधीचा, वास सुटलेला पण दाबल्यावर जेमतेम नमणारा आंबा हवा. मानकुरादचा गर घट्ट आणि जवळजवळ बिनधाग्याचा, म्हणून फोडी नीट उभ्या राहतात. मुसराद आंबा मात्र मांगाडासाठी, म्हणजे आंब्याच्या जॅमसाठी ठेवा. त्याचा गर शिजवायलाच बरा.

मानकुराद घेताना सालीच्या रंगावर जाणं ही आणखी एक चूक. हे नाव 'मालकोरादा' या पोर्तुगीज शब्दावरून आलं असं सांगतात, म्हणजे रंग नीट न भरलेला! तेव्हा लाली शोधू नका, देठापाशी नाक लावा. २०२३ साली या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याचा डझनाचा भाव हजारांत असतो. तेव्हा सॅलडचा विचारही करू नका, मे महिन्यात भाव उतरला की करा. देठाकडचा चीक धुतल्याशिवाय आंबा कापायचा नाही. चीक फोडींना लागला तर घशाला खवखव आणि काहींच्या ओठांना फोड.

काजूची बोंडं घालून पाहायची हौस मलाही आली होती. फळ गोड, रसाळ, वासानं वेड लावणारं, पण टॅनिनमुळे घसा धरतं. पातळ चकत्या करून मीठ लावून दहा मिनिटं ठेवल्या आणि पिळून घेतल्या तर तुरटपणा बराच उतरतो. इथे मात्र मीठ आधीच लावायचं, कारण इथे पाणी सुटायलाच हवं आहे. झाडावरून पडलेलं बोंड त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी ते हुर्राकाच्या वाटेला लागलेलं असतं.

अननस घातला आणि सगळं कडू झालं

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक जण दोष चीजला देतात. चीज जुनं होतं, दुकानदारानं फसवलं वगैरे. चीज बिचारं निर्दोष असतं. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधाच्या प्रथिनांचे असे तुकडे झाले की कडवट चव येते. म्हणून अननस-पनीर किंवा अननस-दही कालवल्या कालवल्या छान लागतं आणि तासाभरानं कडू. अननस श्रीखंडात घालताना आधी शिजवून घेतात त्यामागेही हेच आहे.

उपाय सोपा आहे. अननसाच्या पातळ चकत्या जाड बुडाच्या तव्यावर, चमचाभर साखर भुरभुरून, आतपर्यंत वाफाळेस्तोवर परता. नुसता वरून डाग आला म्हणजे झालं नाही, आतही गरम व्हायला हवं. उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं, शिवाय साखर करपून जी खमंग चव येते ती चीजशी फार छान जमते. पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याला हा त्रास नाही, पण पाकातला असल्यामुळे निथळून घ्यावा लागतो. पपईतही तसलंच एन्झाइम असतं, मात्र ते कच्च्या पपईत जास्त. पूर्ण पिकलेली पपई वाढायच्या वेळी घातली तर सहसा चालते.

कोणतं चीज, कसं

फेटा पाण्या-मिठात मुरवलेलं असतं. पाकिटातून काढून सरळ घातलं तर पहिल्याच घासाला डोळे मोठे होतात. तुकडा साध्या गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, चाखा, मग टिपून कुस्करा. ताजं मोझरेला पाण्यात येतं, ते फडक्यावर पंधरा मिनिटं निथळू द्या.

पनीर वापरायला माझी काहीच हरकत नाही, उलट आमच्या घरी तेच जास्त होतं. पण फ्रिजमधलं टणक पनीर थेट घातलं तर ते दाताखाली रबरासारखं करकरतं. चौकोन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टिपा आणि मग मीठ, मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि चमचाभर तेल लावून अर्धा तास मुरू द्या. पनीरला स्वतःची चव फारशी नसते, ती द्यावी लागते. मुलांच्या डब्यातलं प्रोसेस्ड चीज क्यूब मात्र इथे घालू नका. ते धड कुस्करत नाही, फळाच्या पाण्यानं चिकट होतं आणि तोंडात मेणासारखं राहतं.

आणि घरात यातलं काहीच नसेल तर चक्का! श्रीखंडाला बांधतो तसा, पण फ्रिजमध्ये टांगून, कारण मे महिन्यात ओट्यावर टांगलेला चक्का सकाळपर्यंत दात आंबवतो. रात्रभर निथळलेल्या चक्क्यात अर्धा चमचा मीठ घातलं की लेबनॉनकडच्या लबनेच्या जवळ जाणारं काहीतरी होतं. हाताला तेल लावून लिंबाएवढ्या गोळ्या वळा. पाहुणे विचारतात, कुठलं चीज? मी सांगत नाही.

खोबरेल तेलाचे पांढरे मणी

गोव्यात राहून खोबरेल नाही वापरायचं तर काय, असं म्हणून मी एकदा घाण्याचं ताजं खोबरेल ड्रेसिंगमध्ये घातलं. वाटीत झकास दिसत होतं. गार फळांवर ओतलं आणि दोन मिनिटांत सगळीकडे बारीक पांढरे मणी. नणंदेच्या मुलीला ते चीज वाटलं, तिनं आवडीनं चमचाभर खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. फ्रिजमधल्या कलिंगडावर ते गोठणारच. ऑलिव्ह, शेंगदाणा, तीळ, काहीही चालेल. ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फिरवू नका, कडवट होऊ शकतं. बाटलीत घालून हलवलं की पुरे.

पुस्तकी प्रमाण एक भाग आंबटाला तीन भाग तेल असं असतं, पण गोड रसाळ फळांना इतकं तेल जड होतं. चौघांसाठी दोन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा वाटलेली मोहरी, चमचाभर मध, मिरपूड. मोहरी तेल आणि रस एकत्र धरून ठेवते. आणि फळांना मोहरी हे काही परदेशी फॅड नाही, मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं आंबा-अननसाचं सासंव इथल्या घरोघरी होतंच. फ्रूट सॅलड म्हणजे कस्टर्ड अशी ज्यांची समजूत आहे त्या नातेवाइकांना मी हेच सांगते: हे सासवाचं भावंड समजा. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालायचं असेल तर एकच छोटा चमचा, आणि त्यात मीठ असतंच हे विसरू नका. माडाचं विनेगरही छान, पण तेही बेतानंच.

उन्हात ठेवलेली परात

कलिंगड कापण्याआधी अख्खं धुवा. आपण साल खात नाही म्हणून धूत नाही, पण सुरी सालीवरचीच घाण आत नेते. बाजारातून कापलेली फोड आणू नका, मग ती कलिंगडांसाठी नावाजलेल्या पर्र्या गावची का असेना. सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हा दुसराच हिशेब लावायचा. वीज गेली तर फ्रिज उघडझाप करू नका. अंगणात जेवण असेल तर परात बर्फ घातलेल्या मोठ्या घमेल्यात ठेवा. चीज घातलेलं उरलेलं सॅलड दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, त्याला चवही राहत नाही.

बिघडलंच तर? पाणी सुटलं असेल तर सगळं चाळणीवर ओता, निथळू द्या, वरून नव्यानं चीज आणि भाजलेले काजू घाला. खारट झालं तर बिनमिठाचं पनीर किंवा आणखी फळं. आंबट झालं तर मध. कांदा घातला असेल आणि तो उग्र लागत असेल तर पुढच्या वेळी चिरून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. सगळं ठीक असून सपक लागत असेल तर बहुधा फार गार आहे. चीज वाढण्याच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फळं मात्र थेट फ्रिजमधून.

दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल तर कप्प्यांचा डबा काढा. फळं एका कप्प्यात, टिपलेली पानं दुसऱ्यात, चीज तिसऱ्यात, ड्रेसिंग बाटलीत, आणि तिथे पोचल्यावर, ताटं मांडली की मग कालवा. आधी पानं, मग फळं, ड्रेसिंग, शेवटी चीज. चीज घातल्यावर ढवळायचं नाही, नाहीतर ते गुलाबी होऊन फळांना चिकटतं.

यंदा मेमध्ये पुन्हा तेवढीच माणसं होती. सकाळी फक्त चिरून ठेवलं आणि पानं मांडल्यावर कालवलं. मामंजींनी सवयीप्रमाणे वाटी तिरकी करून पाहिली, काही ओघळलं नाही. दोन घास झाले, तिसरा झाला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चीज मातशें उणें जालें."