काळ्या मातीत अन् बोअरच्या पाण्यावर जास्वंद कशी सांभाळायची

आपल्याकडं जास्वंद लावली की पहिला पावसाळा मस्त जातो, नर्सरीतलं झाड टवटवीत दिसतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, कळ्या गळल्या की सगळे म्हणतात ऊनच लई आहे. ऊन आहेच, परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातोच, पण माझं स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात जास्वंद उन्हापेक्षा काळी माती अन् बोअरचं पाणी यांनीच जास्त खराब होते. हे दोन सांभाळले तर झाड वर्षानुवर्षं टिकतं.

लावायची जून-जुलैत, चांगला एखादा पाऊस झाल्यावर. सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा, पश्चिमेची तापलेली भिंत टाळा. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल. निघालेली माती निम्मीच परत टाका, बाकी लाल मुरूम, कुजलेलं शेणखत आणि एक-दोन मूठ निंबोळी पेंड, सगळं नीट कालवून घ्या. पांढरा चुनखडीचा मुरूम अजिबात नको. आणि नुसती वाळू भरून मोकळे होऊ नका, भोवती चिकण माती असल्यामुळं पावसाचं पाणी त्या खड्ड्यातच साचून राहतं अन् मुळं सडतात. झाड जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवा. पिशवी काढली का ते बघा (खरंच, लोक पिशवीसकट लावतात).

आता पिवळ्या पानांचं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. पान पिवळं दिसलं की आपण लगेच पाणी घालतो, पण आधी कुठलं पान पिवळंय ते बघा. खालची जुनी एक-दोन पानं पिवळी होऊन गळत असतील तर काळजी नको. पण शेंड्याचं कोवळं पान पिवळं किंवा पांढरट आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्यागार, अशी जाळी दिसली की समजा झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतंच, पण काळ्या मातीतली चुनखडी अन् बोअरच्या पाण्यातले क्षार यांच्यामुळं ते मुळांना घेता येत नाही, म्हणून वरून कितीही शेणखत टाकलं तरी फरक पडत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल असं लोह) मिळतं, लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी परत एकदा. नवीन फुटणारी पानं हिरवी निघाली म्हणजे काम झालं, जुनी आहेत ती तशीच राहिली तरी चालतील.

पाण्याचं म्हणाल तर कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालायची आपल्याकडं सवय आहे, ती बंद करा. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, जाळीवर पांढरा थर जमतो तोच मुळांशी जातो. आरओचं वाया जाणारं पाणी पण तसंच खारट. एसीचं पाणी मात्र चालतं, पावसाचं साठवता आलं तर सोनंच. उन्हाळ्यात रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड आळं भरून द्या, दोन इंच बोट घालून बघा, ओल असेल तर थांबा. मातीला भेगा पडल्या असतील तर आधी खुरप्यानं चाळून भेगा बुजवा, नाहीतर पाणी सरळ खाली निघून जातं. वर सोयाबीनचं भुसकट किंवा पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटवू नका.

पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा मोठा शत्रू, आणि कपाशीवर येतो तोच इथंही येतो, शेवटी दोघी एकाच कुळातल्या, भेंडी अन् अंबाडीसुद्धा. शेजारी गाजर गवत असेल तर ते उपटा, कीड त्याच्यावरही पोसते. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे उलटून बघा, मुंग्या गोड चिकट रसासाठी या किडीला सांभाळतात. जास्त लागलेले शेंडे कापून जाळा, बाकीच्यावर पाण्याचा जोरात फवारा मारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारा, ऊन उतरल्यावरच. एखादा ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक झालेला दिसला तर तो खरवडू नका, त्याच्या पोटात मित्रकीटक वाढत असतो अन् तो पुढं बाकीच्यांना संपवतो.

फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून छाटणी करायला घाबरू नका. गणपतीला भरपूर फुलं पाहिजेत तर जूनच्या सुरुवातीलाच एक तृतीयांश फांद्या मागं घ्या, ऑगस्टमध्ये छाटलं तर कळ्याच जातात. एप्रिल-मे मध्ये मात्र कात्री लावू नका, उघडी पडलेली खोडं उन्हानं भाजतात. छाटल्यावर शेणखत घाला. नुसता युरिया दिला तर पानंच पानं होतात, पोटॅश लागतं, ते कमी पडलं की कळ्यांवर परिणाम होतो. डबल पाकळीच्या जातींत कडक उन्हात कळ्या जास्त गळतात, देवपूजेसाठी रोज फुलं हवी असतील तर सरळ देशी एकेरी लाल लावा.

कापलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे सहा-सहा इंचाचे तुकडे करा, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा, वाळू-शेणखताच्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील असे खोचा अन् सावलीत ठेवा. पालवी फुटली म्हणून लगेच जमिनीत लावू नका, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर दिसेपर्यंत थांबा.