चादरीच्या कारखान्यातील माहिती तीन ठिकाणी एकसारखी कशी ठेवावी

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत कारखाना, नवी पेठेत दुकान आणि होटगी रस्त्याला घर, असा सोलापुरातील एखाद्या चादर-टॉवेल व्यावसायिकाचा पसारा असतो. जेकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, नक्षीच्या फायली, ऑर्डरींच्या नोंदी आणि जीएसटीची बिले मात्र कारखान्यातील एकाच संगणकावर राहतात आणि त्याची हार्ड डिस्क बसली की सगळेच अडते. ही माहिती मध्यवर्ती सर्व्हरच्या हवाली न करता आपल्याच तीन संगणकांवर तिच्या प्रती राहतील, अशी व्यवस्था सिंकथिंग या मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने करता येते. यात कोणताही संगणक मुख्य नसतो. प्रत्येक संगणक आपल्याकडील बदल इतरांना परस्पर कळवतो.

सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी कोणत्या फोल्डरमध्ये कोण लिहिणार, हे कागदावर ठरवावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच उद्भवतात. नक्षीच्या फायली फक्त कारखान्यातील डिझायनर बदलणार असेल, तर त्या फोल्डरला कारखान्यात ‘फक्त पाठवणे’ आणि इतर दोन्हीकडे ‘फक्त स्वीकारणे’ हा प्रकार द्यावा. ऑर्डरींचे फोल्डर दुकान आणि कारखाना दोघेही वापरत असल्यास तेथे दुतर्फा देवाणघेवाण ठेवावी लागते.

त्यानंतर तिन्ही संगणकांवर सिंकथिंग बसवावे. त्याचे नियंत्रण त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये, ८३८४ क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकातील जोडणीच्या क्रमांकित दारावर) उघडते. तेथे प्रत्येक संगणकाचा डिव्हाइस आयडी, म्हणजे सात-सात अक्षरांच्या आठ गटांची ओळख, दिसते. कारखान्याचा आयडी दुकानात आणि दुकानाचा कारखान्यात नोंदवल्याशिवाय जोडणी होत नाही, त्यामुळे तो दुसऱ्याच्या हाती पडला तरी तेवढ्याने कोणी आत शिरू शकत नाही. मग हवे ते फोल्डर त्या संगणकांशी वाटून घ्यावे. फाइल लहान-लहान तुकड्यांत विभागली जाते आणि बदललेले तुकडेच पाठवले जातात, तेही कूटबद्ध, म्हणजे वाटेत इतरांना वाचता येणार नाहीत असे होऊन. त्यामुळे मोठ्या फायलीत थोडा फेरफार झाल्यास साधे ब्रॉडबँडही पुरते.

आता अगदी व्यवहारातली अडचण. दुकानाचा संगणक रात्री बंद होतो, घरचा रात्रीच सुरू होतो आणि कारखान्यातला वीज गेली की बंद पडतो. दोन संगणक एकाच वेळी चालू नसतील तर त्यांच्यात काहीच पोहोचत नाही, कारण मधे माहिती साठवून ठेवणारा कोणी नसतो. म्हणून घरी रास्पबेरी पायसारखा कमी विजेवर चालणारा लहान संगणक इन्व्हर्टरला जोडून चोवीस तास चालू ठेवावा. माझ्या मते एवढा खर्च टाळून ही व्यवस्था उभारूच नये.

एकच फाइल दोन्हीकडे एकाच वेळी बदलली गेली तर काय होते, हेही समजून घ्यावे. बँकांसारख्या ठिकाणचे वितरित, म्हणजे अनेक सर्व्हरवर पसरलेले, डेटाबेस बहुमताने निर्णय घेऊ शकतात. तीनपैकी दोन सर्व्हरनी नोंद मान्य केली तरच ती पक्की होते. सिंकथिंगमध्ये असे मतदान नसते. ते दोन्ही आवृत्त्या ठेवते आणि ज्या फाइलची बदलाची वेळ जुनी आहे तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द घालून ती बाजूला करते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सेल संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर त्याची तारीख काही वर्षे मागे जाते आणि आजची ऑर्डर जुनी ठरून बाजूला पडू शकते; म्हणून तो सेल आधी बदलून घ्यावा. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे चालू डेटा फोल्डर तर यात घालूच नये, कारण सॉफ्टवेअर त्यात लिहीत असताना अर्धवट स्थितीतील फायली दुसरीकडे पोहोचू शकतात. त्याने काढलेली बॅकअप फाइल तेवढी घालावी.

प्रती अनेक असल्या म्हणजे बॅकअप झाला, असे समजू नये. कारखान्यात कोणी चुकून फोल्डर पुसले किंवा खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर तो बदलही तत्परतेने इतरत्र पोहोचतो. यासाठी घरच्या संगणकावर ‘फाइल व्हर्जनिंग’, म्हणजे बदललेल्या वा पुसलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणे, चालू करावे. ते दुसऱ्याकडून आलेल्या बदलांनाच लागू होते, स्वतः केलेल्या बदलांना नाही; म्हणून ते केवळ कारखान्यात लावून भागत नाही. त्यातील ‘स्टॅगर्ड’ पर्यायात पहिल्या दिवसापर्यंत तासातासाची, पहिल्या ३० दिवसांपर्यंत रोजची आणि पुढे आठवड्याची एक आवृत्ती राहते. शिवाय तिन्ही संगणक एकाच शहरात असल्याने, एक हार्ड डिस्क ठरावीक मुदतीने भरून ती पुण्याला किंवा अन्य गावी असलेल्या नातेवाइकांकडे ठेवावी.

शेवटी चाचणी घ्यावी. नक्षीची एक नमुना फाइल कारखान्यात तयार करावी, ती घरी पोहोचल्यावर कारखान्यात बदलावी आणि मग पुसून टाकावी. त्यानंतर घरच्या संगणकावर त्या फोल्डरखालील ‘व्हर्जन्स’ बटणातून तिची पूर्वीची आवृत्ती परत आणून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. ती नीट उघडली तरच खरी कामाची फोल्डरे या व्यवस्थेत घालावीत.