सिक्युरिटी प्लस: हायस्कूलच्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी

कॉम्पटिया या संस्थेची सिक्युरिटी प्लस ही संगणक-सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा काढताना समोर धरलेला उमेदवार म्हणजे नेटवर्किंगचा पाया पक्का असलेला आणि दोनेक वर्षं हे काम केलेला माणूस. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडे पाठांतराची ताकद भरपूर असते, पण हा अनुभव नसतो. म्हणून सगळ्या व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा ‘सर्वांत आधी काय कराल?’ अशा प्रश्नावर अडतात. शिकवणाऱ्याने आपला बहुतेक वेळ ही उणीव भरून काढण्यात घालवावा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या एसवाय०-७०१ या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या पट्टीवर मिळतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५० लागतात. ही टक्केवारी नव्हे, हे मुलांना आधीच सांगा. पाच विभागांचा भार असा: मूलभूत संकल्पना १२ टक्के, धोके आणि त्रुटी २२, सुरक्षा रचना १८, दैनंदिन सुरक्षा कामकाज २८ आणि धोरण-व्यवस्थापन २०. आवृत्त्या काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे चालू आवृत्तीचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि तोच हजेरीपटासारखा वापरा.

शिकवताना मात्र त्या क्रमाने जाऊ नका. आठवड्याला चार-पाच तास मिळत असतील, तर पहिले सहा ते आठ आठवडे फक्त नेटवर्क घ्या: आयपी पत्ते, सबनेट (नेटवर्कचे लहान भाग), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं), टीसीपीची जोडणी, पोर्ट (प्रत्येक सेवेचा क्रमांकित दरवाजा). हे कच्चं राहिलं की पुढे फायरवॉल, व्हीपीएन, डीएनएस पॉयझनिंग हे सगळे नुसते शब्द उरतात. पोर्ट क्रमांक जोड्यांनी शिकवा: दूरच्या संगणकावर लॉगिनसाठी टेलनेट २३ आणि त्याऐवजी एसएसएच २२, एचटीटीपी ८० आणि एचटीटीपीएस ४४३, वापरकर्त्यांच्या नोंदी शोधायला एलडॅप ३८९ आणि एलडॅप्स ६३६. असुरक्षित पर्याय कोणता आणि त्याच्या जागी काय वापरायचं, हे परीक्षेत वारंवार लागतं.

प्रयोगशाळेला महागडी सामग्री लागत नाही. ८ जीबी रॅमच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स हे आभासी संगणक (मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर पुरतं.

१. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते पाहा. ते बंद असल्यामुळेच बहुतेक वेळा पहिल्या दिवशी मशीन उघडत नाही.
२. काली लिनक्सला (सुरक्षा चाचणीची साधनं असलेली प्रणाली) किमान २ जीबी रॅम द्या आणि ‘नॅट’ या इंटरनेट मिळणाऱ्या जोडणीवर ठेवून अद्ययावत करून घ्या.
३. मेटास्प्लॉइटेबल २ ही मुद्दाम कमकुवत ठेवलेली प्रणाली आहे. नवं लिनक्स मशीन करून तिची तयार डिस्क जोडा. ५१२ एमबी रॅम चालते.
४. दोन्ही मशीन ‘इंटर्नल नेटवर्क’वर टाका, म्हणजे ती फक्त आपसात बोलतील. ‘ब्रिज्ड’ निवडलंत, तर ती भोकं पडलेली प्रणाली थेट शाळेच्या नेटवर्कवर उघडी पडेल.
५. इंटर्नल नेटवर्कवर आपोआप आयपी मिळत नाही. १०.१०.१०.५ आणि १०.१०.१०.६ असे पत्ते, २४ बिटांच्या मास्कसह, मुलांकडूनच हाताने घालून घ्या.

मग वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन सुरू ठेवून कालीतून टेलनेटने लॉगिन करायला लावा. पासवर्ड उघडा दिसतो. त्यानंतर एसएसएच करून पाहायला सांगा. नवी काली बहुधा जोडणी नाकारते, कारण समोरची प्रणाली जुन्या पद्धतीच्याच सांकेतिक किल्ल्या (की) देऊ करते. ही अडचण लगेच सोडवून देऊ नका. कालबाह्य अल्गोरिदम का बंद करतात, याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पहिल्या स्कॅनच्या आधी एक नियम लेखी घ्या: स्वतःच्या प्रयोगशाळेबाहेर काहीही तपासायचं नाही. चाचणीची व्याप्ती आणि परवानगी हा परीक्षेचाही विषय आहे.

मुलांना सर्वांत परका वाटतो तो धोरण-व्यवस्थापनाचा भाग. तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो आणि तिथेच गुण जातात. इथे आकडे हाताने सोडवून घ्या. मालमत्तेचं मूल्य २,००,००० आणि एका घटनेत २५ टक्के नुकसान, म्हणजे एकवेळचं नुकसान ५०,०००. घटना चार वर्षांतून एकदा घडते, म्हणजे वार्षिक वारंवारता ०.२५ आणि वार्षिक अपेक्षित नुकसान १२,५००. आता विचारा: वर्षाला २०,००० खर्चाचा उपाय घ्यावा का? नुसतं सूत्र पाठ केलेलं मूल इथे गप्प बसतं.

अनुभवाची उणीव भरायला रोज एक प्रसंग द्या. लेखा विभागाच्या संगणकावर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) दिसलं. आधी बॅकअप परत आणायचा, यंत्र वेगळं करायचं की लॉग वाचायचे? मुलांनी उत्तरासोबत बाकीचे पर्याय का मागे पडतात तेही सांगितलं पाहिजे. सगळेच पर्याय योग्य असू शकतात. वेळ आणि क्रम वेगळा असतो. इथे पसरणं थांबवायला आधी यंत्र वेगळं करायचं.

सराव परीक्षा शेवटच्या सहा आठवड्यांत, पूर्ण ९० मिनिटं लावून घ्या. तोच संच परत दिला की मुलं उत्तरं ओळखू लागतात आणि गुण फसवे होतात. न पाहिलेल्या संचांवर सलग तीनदा ८५ टक्के आल्याशिवाय तारीख घेऊ नका. परीक्षेतून चोरलेले प्रश्न ‘खात्रीचे’ म्हणून फिरतात. त्यांच्या वापराने निकाल रद्द होऊ शकतो, हे पालकांनाही कळवा.

प्रात्यक्षिक स्वरूपाचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. त्यांवर खूण करून पुढे जायचं आणि शेवटची २०-२५ मिनिटं त्यांना द्यायची. फायरवॉलचे नियम मांडताना नेमके नियम वर, सरसकट नकार सर्वांत खाली. उलट केलं की काहीच आत येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

१३ ते १७ वयाच्या उमेदवाराला पालकांची संमती लागते. ती आणि ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरशः जुळतं का, हे महिनाभर आधीच तपासा. पहिल्यांदा नाही जमलं, तर दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबण्याची अट नाही. तिसऱ्यासाठी १४ दिवस थांबावं लागतं. तरी लगेच पुन्हा बसवू नका. गुणपत्रकावर चुकलेले मुद्दे दिलेले असतात. आधी त्यांवरच काम करा.